बट सरांचं अर्धं वाक्य

आमच्या परभणी जिल्ह्यात ‘नाही’ हा शब्द कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. शेजाऱ्यानं पेरणीला पाभर मागितली आणि द्यायची नसली, तर तिचा दांडा मोडलेला असतो. मुलगी पसंत पडली नाही, तर पत्रिका जुळत नाही. लग्नाला बोलावलं आणि जायचं नसलं तरी ‘येतो की, न यायला काय झालं’ असं म्हणायचं आणि त्या दिवशी घरी झोपून राहायचं. समोरच्याला ते कळतं. तो मनाला लावून घेत नाही, कारण मागच्या लग्नसराईत त्यानंही तेच केलेलं असतं.

माझे वडील बोरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो आणि गाव त्यांना सर म्हणायचं. ही आपली नाही न म्हणायची रीत त्यांनी सरळ इंग्रजीत नेऊन बसवली होती. नववी-दहावीच्या पुस्तकात होकार, नकार आणि आपलं मत सांगायची वाक्यं कुठं ना कुठं असायचीच. बाकीचे मास्तर तो भाग गुंडाळून पुढं जायचे, कारण परीक्षेत त्याला फारसे मार्क नसत. आप्पा मात्र त्यातच मुक्काम ठोकायचे. त्यांचा नियम एकच होता. कुणाचं पटलं नाही तरी पहिला शब्द ‘नो’ काढायचा नाही. "नो कुत्र्याला म्हणायचं," ते सांगायचे. "माणसाला आधी त्याचं माप त्याच्या पदरात घालायचं, आन् मंग आपलं काढायचं." वर्गात शुद्धच बोलायचं असं ठरवून ते आत शिरायचे आणि दुसऱ्या वाक्याला बोरीवर यायचे.

शिकवायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. उजव्या हातात खडू, डावा हात मोकळा. ‘आय अ‍ॅग्री विथ यू’, म्हणजे तुमचं म्हणणं मला पटतंय, एवढं ते खणखणीत आवाजात म्हणायचे आणि थांबायचे. मग डावा हात, तळवा वर करून, छातीएवढा उचलायचे, काहीतरी मागितल्यासारखा. तो हात वर गेला की सगळ्या वर्गानं एका सुरात ओरडायचं, "बट!" पण! मग उरलेलं वाक्य आप्पा पूर्ण करायचे, आणि खरं काय म्हणायचंय ते त्या उरलेल्या भागात असायचं. ‘आय सी युवर पॉइंट’, हात वर, ‘बट!’ ‘यू मे बी राइट’, हात वर, ‘बट!’ आमचा आवाज रस्त्यापलीकडच्या बसस्टँडवर जायचा आणि जिंतूरच्या बसची वाट पाहणारी माणसं हसायची. पोरांनी त्यांचं नाव बट सर पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडत होतं असा माझा अंदाज आहे.

ह्या वाक्यांचा सराव म्हणून वर्गात वाद घालायचा, आणि विषय दरसाल तोच. राहायला खेडं बरं की शहर? दरसाल आप्पा शहराची बाजू घ्यायचे. दवाखाने, कॉलेजं, कायमची लाइट, सगळं ऐटीत सांगायचे. आम्ही पोरं खेड्याकडून भांडायचो आणि शेवटी आप्पा हरायचे. "पोरांजवळ सांगायला खेडंच हाय," असं त्यांनी एकदा आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. "मी खेडं घेतलं तर ती बोलतील काय?" आईनं मान डोलावली होती.

आई कायम मानच डोलवायची. तालुक्यातल्या निम्म्या पोरांना मत मांडायला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात मत एकच होतं, त्याचं. भाजी काय करायची इथपासून माझं लग्न कुठं करायचं इथपर्यंत सगळं आप्पा ठरवायचे. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी आई ज्वारी निवडत बसली की तिच्यासमोर बसून तिला पेपर वाचून दाखवायचे, अगदी शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपर्यंत. पण वाचून झाल्यावर ‘तुला काय वाटतं’ असं विचारल्याचं मला आठवत नाही. ते विचारायचं असतं हे त्यांना सुचलंच नसावं, आणि आपल्याला विचारायला हवं होतं हे आईला.

माझ्या धाकट्या भावाला आप्पांनी पाचवीपासून परभणीला मामाकडं ठेवलं, इंग्रजी शाळेत. इंग्रजीच्या मास्तरानं स्वतःचं पोरगं मात्र दुसऱ्या मास्तरांकडं धाडलं, यावर गावानं बरीच करमणूक करून घेतली. मी मुलगी, मला बोरीची शाळाच पुष्कळ होती. भावाचं इंग्रजी माझ्याहून कितीतरी चांगलं आहे, पुण्याला कंपनीत तो दिवसभर त्याच भाषेत भांडतो. पण बट सरांच्या वर्गात तो कधी बसलेला नाही. मी बसलेली होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ह्याचा संबंध आहे.

आप्पांना लकवा मारला तेव्हा शेतात तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून बादली लावायला गेले आणि तिथंच बसले. मी लग्न होऊन पूर्णेला असते, मिस्टर रेल्वेत आहेत. आईचा फोन आला तेव्हा तिला नीट सांगताही येईना, नुसतं "हे बोलंना गेलेत, बोलंना गेलेत" एवढंच म्हणत होती. परभणीच्या दवाखान्यात मी पोचले तोवर उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलेलं होतं, आणि त्यांच्याबरोबर बोलणंही.

काही दिवसांनी बोलणं आलं. आईनं चमच्यानं पाणी पाजलं आणि विचारलं, "आजून देऊ का?" आप्पांनी तोंड वाकडं करत, घाम गाळत, पण अगदी स्पष्ट म्हटलं, "यू मे बी राइट." शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मी पण हसले, आणि हसता हसता बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले. मराठीतला एक शब्द शिल्लक नव्हता. पाणी नव्हतं, आई नव्हती, देवाचं नाव नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला मार बसला की रोजचे शब्द जातात, आणि जन्मभर घोकलेलं एखादं वाक्य, एखादी आरती, एखादी शिवी तेवढी मागं राहते. कुणाचं काय राहील ते सांगता येत नाही. आमच्या आप्पांची होकाराची वाक्यं राहिली. तीही अर्धीच. कारण मधला ‘बट’ त्यांनी स्वतः कधी म्हटलाच नव्हता, तो जन्मभर पोरांनी म्हटलेला होता.

घरी आणल्यावर आईची शाळा सुरू झाली. सगळा संसार मराठीत झालेला, आणि आता म्हातारपणी नवरा इंग्रजी बोलायला लागलेला. मी सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं परभणीला यायचे आणि तिथून जिंतूरची बस धरायचे. वाटेतलं झरी गाव मागं पडलं की आईला आज काय काय सांगायचं ह्याची माझ्या डोक्यात जुळवाजुळव सुरू व्हायची. ती चुलीपुढून विचारायची, "आय सी पॉइंट म्हंजे काय गं?" मी म्हणायचे, तुझं म्हणणं ध्यानात आलं. "बरं. आन् त्ये राइट राइट म्हनतेत त्ये?" यू मे बी राइट, म्हणजे तुझंही बरोबर असेल.

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "हे असं म्हनायलेत? मला?"

मी हो म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली. इतक्या वर्षांच्या संसारात ‘तुझं बरोबर असेल’ हे तिनं नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही त्याच्या मेंदूला मार बसल्यावर. मला हसावं की रडावं कळेना. आई मात्र त्या दिवसापासून ते वाक्य आलं की पदर सारखा करायची.

हळूहळू तिनं अर्थ सोडून दिला आणि माणूस धरला. कुठल्या वाक्याला डोळे कसे होतात, कपाळाला आठी कुठं पडते, ह्यावरून तिला सगळं उमगायला लागलं. लघवीला जायचंय, पाय अवघडलाय, की नुसतंच कुणीतरी जवळ बसावंसं वाटतंय. आम्हा बाकीच्यांना मात्र सगळं सारखंच ऐकू यायचं. गावातली माणसं भेटून जायची आणि बाहेर सांगायची, "सर लय सुधारलेत, फडाफडा इंग्रजी बोलायलेत." अशा वेळी मला माणसांचा राग येतो. पण ती बिचारी चांगलंच बोलत होती.

एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. आता टमटम चालवतो, बोरी ते परभणी. खाटेशेजारी खाली बसला, "सर, वळखलं का?" म्हणाला. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, "आय अ‍ॅग्री विथ यू" म्हणाले, आणि त्यांचा डावा हात, तळवा वर करून, हळूहळू उचलला गेला. त्या माणसानं क्षणाचाही विचार केला नाही. मांडी घालून बसलेला, पण वर्गातल्यासारखा मोठ्यानं म्हणाला, "बट!" आप्पा हसले. अर्ध्या तोंडानं, पण दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच. तो गेल्यावर मी दारात आले, तर टमटम चालू करून तो तसाच बसून होता, गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसत.

संक्रांतीच्या आसपास भाऊ आला. त्याच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. आला की आप्पांचे पाय मांडीवर घेऊन तेल लावायचा, त्यांचं सगळं स्वतः करायचा, नाक मुरडायचा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. पुण्याला घराजवळ व्यायाम करून घेणारे आहेत, बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत. पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं. दोघांना घेऊन जातो, शेत भावकीतले काका बघतील, घराला कुलूप लावू. ह्यात चूक काय काढायची? मलाही काढता येत नव्हती. पण बोरी सोडून जायचं की नाही हे आप्पांचं आप्पांना ठरवू द्यावं, एवढं मी म्हटलं. भाऊ म्हणाला, विचारूनच नेणार आहे ना ताई, न विचारता कसं नेईन.

दुपारी ओसरीत सगळे बसले. काका होते, शेजारचे दोघं होते. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. भाऊ आप्पांच्या समोर बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "आप्पा, पुण्याला जायचं ना? माझ्याकडं? तिथं सगळं नीट होईल."

आप्पांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "आय अ‍ॅग्री विथ यू."

"झालं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "सर हो म्हनले. आता नारळ फोडा अन् निघा." भावानं सुस्कारा टाकला. शेजारचे टोप्या सारख्या करून उठायच्या बेतात होते. आणि आप्पांनी भावाच्या हातातून आपला डावा हात सोडवून घेतला. तळवा वर केला. छातीएवढा उचलला.

त्या हाताकडं कुणी बघितलंच नाही. आईनं बघितला, पण ती तिथं बोलणाऱ्यांतली नव्हती. मी म्हटलं, "बट." मोठ्यानं म्हटलं.

आप्पांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे एकदम जागे झाले. ओठ हलले, गळ्यातून घरघर आली, मानेची शीर फुगली. उरलेलं वाक्य, ज्यात खरं असतं ते, बाहेर यायला धडपडत होतं, आणि त्याला शब्दच नव्हते. हात तसाच वर राहिला आणि मग थकून हळूहळू आपोआप खाली आला.

"त्यांना काहीतरी म्हणायचंय," मी म्हटलं. "हे हो नाही. हे अर्धंच आहे."

भाऊ म्हणाला, "ताई, ते हो म्हणाले. बट तू म्हणालीस."

"त्यांचा हात बघितलास ना?"

"हात ते सकाळपासून उचलायलेत. दुखत असेल."

काका मधे पडले. "आन् सर तर जलमभर शहराचीच बाजू घ्यायचे की. समद्या गावाला ठावं हाय."

"हरायला घ्यायचे!" मी ओरडले. कुणाला काही कळलं नाही. माझा आवाज चढला की मला स्वतःलाच माझं म्हणणं ऐकू येत नाही, हा माझा स्वभाव. काका मात्र समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तू आता पूर्णेची झालीस, माय. त्यांचं काय करायचं त्ये पोरगा बघंल."

भाऊ तेवढ्यावर थांबला नाही. तो माझ्याजवळ आला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तूच सांग ना," तो म्हणाला. "पण काय? काय म्हणायचंय त्यांना? तुला माहीत असेल तर मी नेत नाही."

मला माहीत नव्हतं. पण तूर निघाल्यावर जाऊ? पण मला इथंच मरू दे? पण तिला विचार? की गाडीत मळमळतं एवढंच? काहीही असेल. हाताला एवढंच सांगता येत होतं की अजून संपलेलं नाही. खोटं बोलून मी बाप थांबवू शकले असते.

मी आईकडं पाहिलं. "चा ठिवते," ती म्हणाली आणि आत गेली.

दोन-चार दिवसांत गाडी आली. आईनं डब्यातलं तिखट-मीठ शेजारणीला देऊन टाकलं, गाडीत बसली, उतरली, गॅस बघून आली, पुन्हा बसली, पुन्हा उतरून कुलूप ओढून बघितलं. पोचवायला आलेल्यांना आप्पा खिडकीतून एकेकाला सांगत होते, "आय सी युवर पॉइंट." माणसं हात जोडत होती.

पुण्यात भावानं दिलेला शब्द पाळला, हे मला म्हटलंच पाहिजे. व्यायाम सुरू झाला, आप्पा धरून उभे राहायला लागले. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रं दाखवून शब्द म्हणून घ्यायच्या. एके दिवशी मी पूर्णेत कुकर लावत होते तर भावाचा फोन आला, आवाज आनंदानं फुटलेला. "ताई, आप्पा मराठी बोलायलेत! मोबाइलवर पाठवलंय, ऐक!"

मी ऐकलं. आधी भावाचा आवाज होता. आप्पा, पाणी? "नाही." आप्पा, ही फोटोतली आई आहे ना? "नाही." आज बरं वाटतंय ना? "नाही." प्रत्येक वेळी भाऊ हसत होता, बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी गॅस बंद केला आणि खाली बसले. त्याचा आनंद खोटा नव्हता. इतक्या महिन्यांनी बापाच्या तोंडात आपला शब्द आला होता. पण सगळ्या मराठीतून नेमका तोच यावा? आणि तो आल्यापासून बाकीची वाक्यं एकेक करून निघून गेली. महिन्याभरात ‘आय अ‍ॅग्री’ गेलं, मग ‘यू मे बी राइट’ गेलं. हातही उचलेनासा झाला. पोरांना पहिला शब्द ‘नाही’ काढू न देणाऱ्या माणसाजवळ फक्त नन्नाचा पाढा उरला.

उन्हाळ्यात मी पुण्याला गेले. बारा घरांचा मजला, सगळी दारं बंद. आई वाळली होती. लिफ्टची तिला भीती वाटते, म्हणून ती खाली उतरतच नाही. गॅलरीत आप्पांच्या खुर्चीशेजारी बसते आणि काहीतरी निवडत राहते. निवडायला काही नसलं तर निवडलेलंच पुन्हा निवडते. मला बघताच विचारायला लागली, मोरीमागचा कढीपत्ता जगलाय का, बाजार भरायलाय का पहिल्यासारखा, शेजारणीच्या सुनेला काय झालं, आपल्या दारासमोरून आता कोण झाडून काढतं. मी सांगत होते आणि ती एकेक गोष्ट दोनदा विचारत होती. मी म्हटलं, इथं बरं आहे ना? ती म्हणाली, "समदं हाय की इथं. कमी काय न्हाई." आमच्याकडच्या माणसानं ‘कमी काही नाही’ म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो, ते मला कुणी शिकवायला नको.

त्याच संध्याकाळी भाऊ मला बाजूला घेऊन बोलला. "व्यायाम आता घरच्या घरी होण्यासारखा आहे. बाई म्हणाल्या, बोलण्यातही ह्यापुढं फारसं होणार नाही. ताई, आईला इथं करमत नाही का गं? मी विचारलं की बरं हाय म्हणते. तिनं एकदा तोंडानं म्हणू दे, मी उद्या गाडी काढून दोघांना बोरीला सोडून येतो. मी काय त्यांना कोंडून घातलंय का?" खरं बोलत होता. त्याच्या गळ्याचा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी घरात आम्ही तिघंच होतो. भाऊ आणि भावजय कामावर गेलेले. आई गॅलरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं आप्पांना विचारलं, "चा घेता का?" आप्पा म्हणाले, "नाही." तिनं उठून चहा केला, बशीत ओतून तोंडाला लावला, आप्पांनी सगळा घेतला. "पंखा लावू?" "नाही." तिनं पंखा लावला आणि आप्पांनी बरं वाटून डोळे मिटले. मी बघतच राहिले. आई हसली. "त्यांच्या न्हाईला काय धरायचं," ती म्हणाली. "त्ये आता आपलं हूं करनं हाय. त्यांना पायजे त्ये मला ठावं हाय."

इतक्या सगळ्यांनी आप्पांचं मत काढायचा खटाटोप केला, डॉक्टरांनी, भावानं, मी, आणि ज्या बाईला ते न बोलता कळत होतं तिला कुणी काही विचारलंच नाही. मी तिच्या हातातली शेंग काढून घेतली.

"आई, भाऊ काल काय म्हणाला माहितेय? तू म्हणलीस तर तो उद्या तुम्हाला घरी नेऊन सोडतो. व्यायामाचं काही अडत नाही. आप्पांचं राहू दे, माझं राहू दे. तुला काय वाटतं? तुला जायचंय का बोरीला?"

आई माझ्याकडं बघायला लागली. तिच्या तोंडावर इतकं काही एकदम आलं की मला वाटलं, आता म्हणते. तिनं तोंड उघडलं. पदरानं ओठ पुसले. मग जन्मभराच्या सवयीनं ती आप्पांकडं वळली आणि अगदी हळू विचारलं, "काय ओ, जायचं का आपन घरी?"

आप्पांनी डोळेही उघडले नाहीत. चहाला म्हणाले होते, पंख्याला म्हणाले होते, तसंच म्हणाले, "नाही."

मी आईच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं माझ्या हातातली शेंग परत घेतली.

"बघ," ती म्हणाली, "न्हाई म्हनायलेत." आणि शेंगा सोलायला लागली.